शपथ पुरेशी नाही, शिक्षण हवे

दरवर्षी ३१ ऑक्टोबरच्या सुमारास दक्षता जनजागृती सप्ताह येतो. अमरावती-अकोल्याच्या कचेऱ्यांतून शपथा घेतल्या जातात, फलक लागतात आणि आठव्या दिवशी सर्व पूर्ववत् होते. शपथ वाईट नव्हे. परंतु शपथ म्हणजे शिक्षण नव्हे.

काही काळापूर्वी एक कनिष्ठ लिपिक माझ्याकडे सल्ल्यास आला. घराण्यात सरकारी नोकरी मिळविणारा तो पहिलाच. साहेबांच्या सांगण्यावरून अर्जदाराचे पाकीट घ्यावयाचे आणि त्यांच्या टेबलावर ठेवावयाचे, एवढेच त्याचे काम. "मी त्यातला एक पैसाही घेत नाही, मग माझा दोष कोणता?" असा त्याचा प्रश्न होता. १९८८ चा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा दुसऱ्यासाठी घेतलेली लाचही गुन्हाच मानतो. शिक्षा किमान तीन वर्षांची, कमाल सात वर्षांची. हे त्यास कोणीही शिकविले नव्हते.

सापळा कसा रचला जातो, हे समजून घ्यावे. तक्रार येताच लाचलुचपत प्रतिबंधक विभाग पंचांसमक्ष मागणीची पडताळणी करतो. नंतर नोटांना फिनॉल्फ्थेलीनची पूड लावतात. नोटा घेणाऱ्याचे हात सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडविताच द्रावण गुलाबी होते. म्हणजे द्रावण गुलाबी होते ते पाकीट धरणाऱ्याच्या हाताने. पाकीट मागविणारा पुष्कळदा कोरड्या हातांनी बाजूस उभा असतो. तक्रारदार फितूर झाला तरी मागणी व स्वीकार परिस्थितीजन्य पुराव्याने सिद्ध करता येतात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नीरज दत्ता प्रकरणी १५ डिसेंबर २०२२ रोजी दिला आहे.

यास्तव नोकरीच्या पहिल्याच महिन्यात तीन गोष्टी शिकविल्या पाहिजेत. 'चहापाणी', भेटवस्तू, मध्यस्थाचा निरोप, या सर्वांत मागणी कशी ओळखावी, ही पहिली. तारीख, स्थळ आणि उच्चारलेले शब्द त्याच दिवशी टिपून १०६४ या क्रमांकावर वा विभागाच्या कार्यालयात कसे कळवावे, ही दुसरी. नाइलाजाने लाच देणाऱ्याने सात दिवसांच्या आत कळविले नाही तर २०१८ च्या दुरुस्तीनुसार तोही गुन्हेगार ठरतो. हे अर्जदारास समजावून सांगता यावे, ही तिसरी. सापळ्यात पंच म्हणून पुष्कळदा दुसऱ्या कचेरीतील सरकारी कर्मचारीच घेतले जातात. त्यांनी जे प्रत्यक्ष पाहिले ते त्यांच्याच तोंडून नवागतांना ऐकवावे.

परंतु सारा भार कनिष्ठाच्या शिरावर टाकणे हा न्याय नव्हे. तक्रार करणाऱ्यास संरक्षण देणारा कायदा संसदेने २०१४ साली संमत केला. तो अद्याप अंमलात आणलेला नाही. बोलणाऱ्याची बदली होणार असेल, तर शिकविलेले शिक्षण ओठांतच राहणार. ही मागणी आपण शासनाकडे केलीच पाहिजे.

आणि घरच्यांनो, मुलाचा वा मुलीचा पहिला पगार हाती येईल तेव्हा एवढेच विचारा: "बाळ, कचेरीत तुझ्या हातातून कोणाचे पाकीट तर जात नाही ना?" पिढ्यान्‌पिढ्यांच्या कष्टाने मिळालेली खुर्ची दुसऱ्याच्या पाकिटापायी जाता कामा नये.