नाव संरक्षणाचे, काम शोभेचे

हल्ली जीपच्या जातीची गाडी घरात आली की महिन्याभरात तिच्या दोन्ही बाजूंना, दारांच्या खाली, चकचकीत दांडे बसविण्याची प्रथा पडली आहे. दुकानदार त्यांना कधी साइड स्टेप म्हणतो, कधी साइड गार्ड, तर कधी रॉक स्लायडर. नावे तीन, किमती तीन. पण पुष्कळदा वस्तू एकच. माझे म्हणणे असे की, यांपैकी शेवटच्या नावाला एक निश्चित अर्थ आहे. तो अर्थ ज्या दांड्यात नाही तो रॉक स्लायडर म्हणून विकत घेऊ नये आणि त्याच्या भरवशावर खडकात तर मुळीच जाऊ नये. यंत्रशास्त्र शिकविणाऱ्याला हा विषय किरकोळ वाटत नाही. भार कोठून येतो आणि कोठे जातो, हा आमच्या शास्त्रातला पहिला प्रश्न. तो येथे रस्त्यावरच उभा आहे.

दांड्याची गरज मुळात का पडते? खानापूर तालुक्यातील कच्च्या वाटांवर दोन पावसाळे गेले की माती वाहून जाते आणि जांभ्या दगडाची टोके वर येतात. पुढचे चाक दगडावर चढते, उतरते. मग तोच दगड दोन चाकांच्या मधोमध गाडीच्या पोटाखाली येतो. २०२० मध्ये आलेल्या नव्या थारची जमिनीपासूनची उंची २२६ मिलिमीटर आणि पोटाखालचा उताराचा कोन २७ अंश सांगितला जातो. आकडे चांगले आहेत. पण दगड आकडे वाचून उगवत नाही. तो दाराखालच्या पत्र्याच्या उंबरठ्याला लागला तर पत्रा चेपतो, दार अडकते. अशा वेळी सगळी गाडी दांड्यावर टेकावी आणि दगडावरून घसरत पुढे जावी, एवढ्यासाठी रॉक स्लायडर असतो. म्हणजे हा दांडा पाय ठेवण्यासाठी नसून गाडी ठेवण्यासाठी आहे. माणसाचा भार साठ-सत्तर किलो. गाडीचा, माणसे व सामान धरून, सुमारे दोन टन. या दोन भारांसाठी एकच वस्तू चालेल, असे कोणता विद्यार्थी परीक्षेत लिहील?

म्हणून निवड करताना पहिला प्रश्न रंगाचा नको, आधाराचा हवा. थार, जिम्नी, जुनी जिप्सी, बोलेरो या गाड्यांना शिडीसारखी वेगळी चॅसी असते आणि तिच्यावर रबरी बुश ठेवून वरचा सांगाडा बसविलेला असतो. दांडा चॅसीलाच जोडला पाहिजे. तो उंबरठ्याच्या पत्र्याला जोडला, तर ज्याला वाचवायचे त्याच्याच अंगावर ओझे टाकल्यासारखे होते. चॅसी व सांगाडा चालताना एकमेकांपासून थोडे हलतात. तेव्हा दांडा आणि उंबरठा यांत दहा-पंधरा मिलिमीटरची फट ठेवावी. क्रेटासारख्या ज्या गाड्यांत वेगळी चॅसीच नसते, त्यांच्या मालकांनी या भानगडीत पडूच नये. तेथे उंबरठा हाच सांगाड्याचा भार वाहणारा भाग असतो.

दुसरा प्रश्न जाडीचा. बाहेरून ४८ मिलिमीटर व्यासाचे दोन नळ सारखेच दिसतात. एकाची भिंत २ मिलिमीटर, दुसऱ्याची ४. वाकण्याला दुसऱ्याचा विरोध सुमारे पावणेदोन पट असतो. टोकदार दगडाने भिंत चेपण्याला होणारा विरोध तर साधारणपणे जाडीच्या वर्गाप्रमाणे, म्हणजे जवळजवळ चौपट. शोभेचे स्टेनलेसचे दांडे बहुधा पातळ नळाचे असतात. ते चमकतात खरे. पण नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा!

तिसरा प्रश्न ब्रॅकेटचा. एका बाजूवर एक टन भार आला आणि दांडा चॅसीपासून ३० सेंटिमीटर बाहेर असला, तर जोडावर सुमारे ३००० न्यूटन-मीटरचे आघूर्ण येते. चार ब्रॅकेटांत ते सारखे वाटले तरी प्रत्येकी ७५० च्या आसपास. वरच्या व खालच्या बोल्टांत १० सेंटिमीटर अंतर असेल तर खालच्या बोल्टावर ७५०० न्यूटनची ओढ पडते. अंतर ५ केले की ओढ दुप्पट. शिवाय हा हिशेब गाडी हळूच टेकल्याचा आहे, आपटल्याचा नाही. म्हणून ब्रॅकेटची पट्टी उंच व जाड हवी, बोल्ट निदान ८.८ दर्जाचे हवेत आणि ते शक्यतो चॅसीला कंपनीने ठेवलेल्या भोकांतच बसावेत. चॅसीवर मन मानेल तेथे भोके पाडणे किंवा वेल्डिंग करणे मला मान्य नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने पोलादाचा गुण बदलतो, रंग जळतो आणि गंज तेथूनच सुरू होतो. नळाची तोंडे बंद करून खाली पाणी निघायला एक भोक ठेवावे, कारण आपल्याकडचा पावसाळा आतून काम करतो.

बसविल्यावर परीक्षा घ्यावी. सपाट जागी, चाकांना ओट लावून, गाडीखाली कोणी नाही हे पाहून, दांड्याच्या मध्यावर उंच जॅक लावावा आणि ती बाजू सावकाश उचलावी. दार सहज उघडले, दांडा उंबरठ्याला टेकला नाही, तर उत्तीर्ण. जो दुकानदार ही परीक्षा देण्यास कचरतो, त्याचे उत्तर आपल्याला मिळालेले असते.

कोणी म्हणेल, शोभेला शोभा म्हणून घेतले तर सरांचे काय जाते? आपापल्या पैशाने हौस करण्याला माझी हरकत नाही. हरकत खोट्या भरवशाला आहे. पातळ दांडा लावलेला मुलगा दांडा नसलेल्या मुलापेक्षा अधिक धीटपणे खडकात गाडी घालतो, आणि संकटाच्या जागी तो दांडाच वाकून दारात अडकतो. शिवाय कायदाही आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीतील तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही. समोरच्या बुलबारांवर कारवाई करण्यास केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळविले आहे. बाजूच्या दांड्याबाबत परिवहन कार्यालयात आधी विचारावे आणि तो चाकांच्या रेषेबाहेर येऊ देऊ नये. सायकलवाल्याच्या पायाला काही संरक्षण नसते.

ज्याची गाडी घर ते कॉलेज आणि कॉलेज ते घर एवढीच धावते, त्याने ते पैसे चांगल्या टायरांत घालावेत. दोन्ही दांड्यांचे मिळून ४० किलो लोखंड रोज फुकट वाहण्यात कसले शौर्य? ज्याला खरोखर वाईट वाटेने शेतावर वा कामावर जायचे आहे, त्याने उद्यमबागेतल्या एखाद्या जाणत्या कारागिराकडे जावे, मराठीत विचारावे की कन्नडमध्ये हे तो ठरवील, आणि तीनच गोष्टी विचाराव्यात: नळाची भिंत किती, ब्रॅकेट कोठे, आणि जॅक लावून दाखवाल का? किंमत चौथी.