दर वॉशिंग्टनचा, कर्ज मत्रहचं

मत्रहच्या सूकमधल्या दुकानदाराला कर्ज किती महाग पडणार, हे बरंचसं वॉशिंग्टनमध्ये ठरतं. १९८६ पासून एक रियाल म्हणजे सुमारे २.६० डॉलर. हा भाव टिकवायचा तर व्याजदरात फेडरल रिझर्व्हच्या मागोमाग जावंच लागतं. २०२२-२३ मध्ये फेडने दर शून्याजवळून साडेपाच टक्क्यांपर्यंत नेला. इथल्या वैयक्तिक कर्जावर मात्र २०१३ साली घातलेली ६ टक्क्यांची व्याजमर्यादा होती. कर्जदार वाचला, म्हणून आपण पुरोगामी मंडळी खूश! पण व्याज वाढवता येत नसेल, तर बँक माणसं निवडते. माझ्यासारख्या पगारदार संशोधकाला ती हसून कर्ज देईल. सूकमधल्या हमालाचा अर्ज आधी बाजूला पडेल. मर्यादा राहू द्या, पण नाकारलेल्या अर्जांचे पगारगटवार आकडेही मध्यवर्ती बँकेने छापावेत.