निजलेला संग्रह आणि जागा द्वारपाल

जुन्या मराठी नियतकालिकांवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याची पहिली अडचण अंक मिळण्याची असते. 'विविधज्ञानविस्तार' १८६७ ते १९३७ असे सत्तर वर्षे चालले, 'मासिक मनोरंजन' १८९५ साली निघाले आणि १९०९ साली त्याने मराठीला दिवाळी अंक दिला, हे वाङ्मयेतिहासात वाचायला मिळते. प्रत्यक्ष अंक मात्र कुठे अर्धे, कुठे पाव. स्वामित्वहक्काची मुदत संपलेले असे अंक हौसेने स्कॅन करून घरातल्या एखाद्या जुन्या संगणकावर ठेवणारी आणि तोच संगणक सर्व्हर म्हणून आंतरजालाला जोडणारी काही माणसे आहेत. मीही त्यांतलाच. अशा सर्व्हरने अहोरात्र जागे राहावे काय, हा वरवर तांत्रिक वाटणारा प्रश्न मला वाङ्मयीन व्यवहाराचा वाटतो. माझे उत्तर असे की, त्याने झोपावे. मात्र दारात कोणीतरी जागे असावे.

आधी हिशेब. जुना डेस्कटॉप काही काम नसतानाही पन्नासेक वॅट वीज घेतो. म्हणजे वर्षाला ४३८ युनिट. वाचक दिवसाला दोन-तीन, कधी आठवडाभर एकही नाही. खर्च फार मोठा नसला तरी तो घरातल्यांच्या डोळ्यांवर येतो, मालकालाही कंटाळा येतो आणि एके दिवशी बटण बंद होते. त्या दिवसापासून तो संग्रह वाचकांपुरता नाहीसाच होतो.

यावरचा उपाय १९९० च्या दशकापासून उपलब्ध आहे. त्याला 'वेक-ऑन-लॅन' म्हणतात. संगणक निजला तरी त्याचे नेटवर्क कार्ड किंचित विजेवर कान देऊन असते. त्याला १०२ बाइटांचा संदेश पाठवायचा: आधी सहा ठरावीक बाइट, मग त्या कार्डाचा सहा बाइटांचा पत्ता सोळा वेळा. कार्ड आपले नाव ओळखते आणि यंत्र जागे होते. पण ही हाक सहसा घरातल्या जाळ्यापुरतीच पोहोचते. नागपूरच्या वाचकाने पुण्यातल्या घरी निजलेल्या यंत्राला उठवायचे कसे? इथे द्वारपाल लागतो. त्याचे तांत्रिक नाव 'रिव्हर्स प्रॉक्सी'. तळहाताएवढ्या 'रास्पबेरी पाय'वर तो तीन-चार वॅटांत चालतो. बाहेरचा वाचक त्यालाच भेटतो. सर्व्हर जागा असेल तर तो मागणी आत पोहोचवतो. निजलेला असेल तर हाक देतो, दर दोन-तीन सेकंदांनी कानोसा घेतो आणि उत्तर येताच वाचकाला आत सोडतो. अर्धा तास कोणी फिरकले नाही, की सर्व्हर पुन्हा निजतो. रोज तीन तास जाग धरली, तरी द्वारपालासह वर्षाला सुमारे १०५ युनिट लागतात, म्हणजे पूर्वीच्या चौथ्या हिश्श्याहूनही थोडी कमी.

मधल्या अर्ध्या मिनिटाचे काय? द्वारपालाला काहीच शिकवले नसेल, तर तो '५०२' असा कोरडा आकडा दाखवतो आणि वाचक संग्रह बुडाला असे समजून निघून जातो. वस्तुतः आंतरजालाच्या परिभाषेत '५०३' हा वेगळा संकेत आहे: 'सेवा तूर्त उपलब्ध नाही', त्याला 'इतक्या सेकंदांनी पुन्हा यावे' अशी सूचना जोडता येते. आम्ही तिथे साधे मराठी वाक्य लिहिले: 'संग्रह उघडत आहे. अर्धा मिनिट थांबावे.' ग्रंथालयात चिठ्ठी देऊन शिपाई पुस्तक आणीपर्यंत टेबलाशी बसलेल्या कोणालाही हे थांबणे अपमानाचे वाटू नये.

एका प्राध्यापक मित्राचा आक्षेप असा, की हे सगळे कशाला? एखाद्या मोठ्या कंपनीच्या चोवीस तास जाग्या सर्व्हरवर संग्रह ठेवून मोकळे व्हावे. आक्षेप अगदीच चुकीचा नाही. दुसरी प्रत अन्यत्र असलीच पाहिजे. झोप म्हणजे जतन नव्हे. पण 'जिओसिटीज'वरची असंख्य वैयक्तिक पाने २००९ साली कंपनीच्या एका निर्णयाने मिटली, हेही विसरू नये. दुसऱ्याच्या जागरणावर आपला संग्रह किती काळ सोपवायचा?

खरी अडचण निराळीच निघाली. शोधयंत्रांचे यांत्रिक पाहुणे रात्रभर दार ठोठावतात आणि प्रत्येक ठोठावण्याने सर्व्हर उठतो. पहिले काही आठवडे आमचा सर्व्हर झोपलाच नाही. तेव्हा ठरवले, की सूची द्वारपालापाशीच ठेवायची. ती कोणीही, केव्हाही पाहावी. हाक मात्र 'अंक मागवा' हे बटण दाबणाऱ्यासाठीच. आणि मग लक्षात आले, की आमच्याकडे सूची नव्हतीच! होती ती केवळ फायलींची नावे. लेखक, लेख, वर्ष, अंक, पृष्ठ अशी नोंद करायला आम्हाला सात महिने लागले. हजारो पाने स्कॅन करूनही जे अभ्यासकाचे काम आम्ही टाळले होते, ते एका झोपाळू यंत्राने करवून घेतले. पुष्कळ वाचकांचे काम आता सूचीवरच भागते.

त्रुटी आहेतच. वीज गेली की काही यंत्रांची कार्डे हाक विसरतात. वीज परतताच यंत्र आपोआप सुरू होईल अशी सोय करून ठेवावी लागते. आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयाने हा मार्ग धरू नये. तिथे सतत वर्दळ असते आणि असायलाच हवी. हा मार्ग घरगुती संग्रहांसाठी आहे.

पंढरीचा विठोबाही शेजारतीनंतर निजतो आणि काकडारतीने उठतो. म्हणून मंदिर बंद पडले असे कोणी म्हणत नाही. आषाढी-कार्तिकीला मात्र देवाचा पलंग काढतात आणि दर्शन चोवीस तास चालते. शोधनिबंध सादर करण्याच्या दिवसांत आम्हीही सर्व्हरची झोप बंद ठेवतो. एरवी त्याला निजू द्यावे. तेवढा वेळ सूची अधिक नेटकी करण्यात घालवता येतो.