कोरी जागा म्हणजे शून्य नव्हे

माझा जन्म 1998 चा, हिंगोलीतला. पण जन्मदाखल्यावर जिल्हा परभणी आहे, कारण हिंगोली जिल्हा झाला 1 मे 1999 ला. थोडक्यात, मी माझ्या जिल्ह्यापेक्षा वयाने मोठा आहे! हा किस्सा मी पुण्यात भेटेल त्याला ऐकवतो. गेल्या शनिवारी मात्र याच किश्श्याने माझी फजिती केली.

झालं असं, की जनगणनेचे आकडे घेऊन मराठवाड्यातल्या जिल्ह्यांचा आलेख काढत बसलो होतो. 1991, 2001, 2011. हिंगोलीसमोर 1991 चा रकाना कोरा. प्रोग्राम अडला, म्हणून नेहमीच्या सवयीने एक ओळ लिहिली: जिथे काही नाही तिथे 0. आलेख मस्त आला. बाबांना पाठवला. पाच मिनिटांत फोन.

"काय रे, 1991 ला हिंगोलीत कुणीच नव्हतं का? मग मी कुठं होतो?"

बघतो तर काय, हिंगोली शून्यावरून थेट 9 लाख 87 हजार 160 वर. आणि शेजारची परभणी धाडकन खाली, जणू निम्मं गाव उठून गेलं! खरं तर हिंगोली, कळमनुरी, वसमतची माणसं 1991 ला व्यवस्थित मोजली होती, फक्त परभणीच्या ओळीत. तालुक्यांचे आकडे जुळवले की रकाना बराचसा भरता येतो. मी मात्र आळसापायी एका ओळीत सगळ्यांना गायब केलं.

तर मुद्दा हा, की कोरी जागा हीसुद्धा माहिती असते. आकडा दुसरीकडे आहे, मोजलंच नाही, विचारलं पण सांगितलं नाही, प्रश्न लागूच नव्हता... ही चार वेगळी कारणं आहेत. चारहींना एकच 0 किंवा 99 देणं म्हणजे पुढच्या माणसाला खड्ड्यात ढकलणं. एसपीएसएसला '99 म्हणजे उत्तर नाही' असं आधी सांगितलं नाही, तर ते बिचारं 99 वर्षांचे आजोबा समजून सरासरी काढतं. स्टाटा कोऱ्या जागेला सगळ्यात मोठा आकडा मानतं, त्यामुळे 'साठीच्या पुढचे किती' विचारलं की वय माहीत नसलेलेही त्यात येतात. आर मात्र एक जरी जागा कोरी असली तरी सरासरी द्यायला सरळ नकार देतं. आपण वैतागतो, पण त्यातल्या त्यात प्रामाणिक तेच.

लेबलांचंही तेच. 2001 च्या जनगणनेत हिंगोलीचा कोड 16 होता, 2011 ला 512. लेबल न लावता 2011 च्या फाइलमध्ये 16 शोधलं तर तुम्ही जम्मू-काश्मीरमध्ये पोहोचता. "लक्षात राहील माझ्या" असं म्हणणाऱ्यांनी सहा महिन्यांपूर्वीचा स्वतःचा कोड उघडून बघावा.

आता कुणी म्हणेल, एवढं काय त्यात, आलेखच तर चुकला! पण याच तक्त्यात पुढचा रकाना 2021 चा आहे, आणि तो सगळ्या देशाचा कोरा आहे. ती जनगणना झालीच नाही, पुढची 2027 ची म्हणून जाहीर झाली. मधल्या काळात अन्न सुरक्षा कायद्याखाली कोणत्या राज्यात किती लोकांना रेशन, हे 2011 च्या लोकसंख्येवरच ठरत राहिलं. कोऱ्या जागेत मागचा आकडा पुढे ओढणं, ही आमच्या धंद्यातली जुनी युक्ती. 2011 ला हिंगोलीत 11 लाख 77 हजार 345 माणसं होती. त्यानंतर जन्मलेली पोरं आज शाळेत जातात, पण त्या हिशोबात ती नाहीत.

जुना आकडा वापरावा लागतो, मान्य. पण मग त्याच्या शेजारी स्वच्छ लिहा: '2011 चा, नवीन मोजलेला नाही.' एवढं लेबल लावायला एक मिनिट लागतं.

असो. आलेख दुरुस्त करून बाबांना पुन्हा पाठवला. उत्तर आलं, "आता सापडलो."