गुरुजींची उमेदवारी

घरांतील सून किंवा लेक बी. एड्. करूं लागली म्हणजे रात्रीं उशिरापर्यंत पाठांचीं टाचणें लिहिणें आणि तक्ते रंगविणें चाललेलें घरच्या मंडळींस दिसतें. ‘एवढ्या खटाटोपाचें प्रयोजन काय?’ असें वडीलधाऱ्यांस वाटणें साहजिक आहे. परंतु हा प्रश्न शाळेंत मूल धाडणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचा आहे. कारण नवशिक्या शिक्षकाचा हात बसतो तो आपल्याच मुलांवर.

सुताराचें वा वैद्याचें काम उमेदवारीवांचून येत नाहीं, हें सर्वांस मान्य आहे. शिकविणें मात्र ज्यास विषय येतो त्यास येतेंच, असा समज अद्यापि आढळतो. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनीं ह्या समजास छेद दिला. एका वर्षाचा बी. एड्. अभ्यासक्रम त्यांनीं दोन वर्षांचा केला आणि त्यांत शाळेंतील उमेदवारीस, म्हणजेच आंतरवासितेस, निदान २० आठवडे नेमून दिले. पहिल्या वर्षीं ४ आणि दुसऱ्या वर्षीं १६.

ही उमेदवारी पायरीपायरीनें चढावयाची असते. आरंभीं सूक्ष्म अध्यापन. समोर बहुधा पांच-दहा सहाध्यायी, अवधि थोड्या मिनिटांचा, आणि कौशल्य एकच: प्रश्न विचारणें किंवा फळ्यावर लिहिणें. ही रीत १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत निघाली. पुढें शाळेंत गेल्यावर प्रथम एक आठवडा अनुभवी शिक्षकाचा वर्ग मागें बसून पाहावयाचा; मग स्वतः पाठ घ्यावयाचे, आणि शिक्षक, प्राध्यापक व सहाध्यायी ह्यांनीं ते पाहून अभिप्राय द्यावयाचे.

येथवर सर्व ठीक. खरी अडचण गुण देण्यांत आहे. परीक्षक यावयाच्या दिवशीं तक्ता सुबक असतो, हुषार मुलें पुढें बसतात, उत्तरें खणखणीत येतात. एक उदाहरण घेऊं. एक-द्वितीयांश आणि एक-तृतीयांश ह्यांची बेरीज विचारतां एक मुलगा ‘दोन-पंचमांश’ म्हणतो. अंशांत अंश आणि छेदांत छेद मिळवून तो मोकळा झालेला असतो. एक शिक्षिका ‘चूक’ म्हणून दुसऱ्यास उठविते, ‘पांच-षष्ठांश’ हें बरोबर उत्तर मिळविते आणि पाठ वेळेंत संपविते. दुसरी त्याच मुलास विचारते, ‘अर्ध्या भाकरींत आणखी तुकडा घातला, तर ती अर्ध्याहून कमी कशी होईल?’ दोन-पंचमांश अर्ध्याहून कमी, हें त्या मुलास आपणहून उमगतें. पण हिचा पाठ अपुरा राहतो. गुण कोणास अधिक द्यावे?

आमच्या मतें निःसंशय दुसरीस. परंतु एका तासाच्या परीक्षेंत तिचें मोल कळण्याचा संभव थोडा. तें कळतें रोज वर्ग पाहणाऱ्या शाळेंतील मार्गदर्शक शिक्षकास. तें दिसतें मुलांच्या वह्यांत, आणि ‘आज कोणास समजलें नाहीं, आणि कां?’ ह्याविषयीं उमेदवारानें रोज लिहिलेल्या टिपणांत. म्हणून गुण देतांना ह्या तिहींचें वजन अधिक असावें, शेवटच्या सजविलेल्या पाठाचें कमी.

पालकांकडेहि कांहीं कर्तव्य येतें. शिकाऊ बाई वर्गावर आल्या म्हणजे ‘मुलांचे दिवस फुकट गेले’ असें म्हणण्यापूर्वीं मुलास विचारावें, ‘तुझें चुकलें तेव्हां बाईंनीं काय केलें?’ आणि आपल्याच घरांत अशी उमेदवार असेल, तर तक्ते रंगविण्यास घरचे हात पुष्कळ आहेत. तिला मुलांच्या वह्या वाचण्यास अवकाश द्यावा.