पदवीला पगारपत्रकात जागा द्या

चाकण, रांजणगाव किंवा वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत सकाळच्या पाळीला कंत्राटदाराच्या बसमधून उतरणाऱ्या पोरांचे शिक्षण विचारून पाहा. बारावी नापास आणि बी.कॉम. झालेला एकाच लाइनवर उभे असतात आणि महिनाअखेरीस सारखाच पगार घेतात. किमान वेतनाच्या दरपत्रकात कुशल, अर्धकुशल आणि अकुशल असे वर्ग आहेत. पदवीचा रकाना त्यात नाही.

ही पदवी मात्र स्वस्तात पडलेली नसते. फीचा आकडा सर्वांना दिसतो, बुडालेली मजुरी कोणी मोजत नाही. रोजचे पाचशे रुपये आणि महिन्याचे पंचवीस दिवस धरले, तरी तीन वर्षांत साडेचार लाख रुपये हातचे जातात. एवढे सोसूनही काम मिळण्याची हमी नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2024 च्या भारतविषयक अहवालानुसार 2022 मध्ये पदवीधर तरुणांतील बेरोजगारी 29.1 टक्के होती. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ती 3.4 टक्के होती. यावरून ‘शिकून काय उपयोग’ म्हणणे घातक आहे. निरक्षराला पडेल ते काम पत्करावेच लागते, म्हणून तो बेरोजगारांत मोजला जात नाही. बँकेत, सरकारी सेवेत, कायम नोकरीत पदवीचे मोल आजही मिळते, आणि पदवीशिवाय राज्यसेवेच्या परीक्षेला बसता येत नाही. मोल बुडते ते कंत्राटी कामात.

कमावता कमावता शिकण्याची वाट नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने 1989 पासून खुली केली आहे. तिथे शिकताना रोजची मजुरी बुडत नाही. परंतु परीक्षेच्या दिवशी कंत्राटी कामगाराचा खाडा पडतो, तेवढा पगार कापला जातो आणि गुणपत्रिका हाती आल्यावर वेतनात एक रुपयाही वाढत नाही. रात्रपाळी करून अभ्यास करणाऱ्यावर हा उघड अन्याय आहे.

कामावर असताना परीक्षा देणाऱ्याला भरपगारी रजा आणि पदवी किंवा पदविका पूर्ण करणाऱ्याला ठरलेली वेतनवाढ, एवढे दोन नियम सरकारने करावेत. सुरुवात स्वतःच्या कार्यालयांतील कंत्राटी कर्मचाऱ्यांपासून करावी. त्यासाठी कारखानदारांच्या संमतीची वाट पाहण्याचे कारण नाही.