थाळीच्या नादाला वळलेली मान

दीड वर्षांचे मूल हाकेला वळत नाही असा संशय आला, की गोंडपिपरीकडच्या एखाद्या घरात आजी त्याच्या पाठीमागे उभी राहून थाळी वाजविते, मूल मान वळविते, आजीचा जीव भांड्यात पडतो, आणि ‘याचा बापही उशिराच बोलला होता’ या निर्वाळ्यावर संशयाचा तो खटला कायमचा निकाली निघतो. त्या निकालावर अपील करावे, एवढाच या लेखाचा हेतू.

थाळीचा नाद मोठा असतो, त्याची कंपने अंगाला जाणवतात, शिवाय आजीची सावलीही पुढे पडलेली असते. तेव्हा वळलेल्या मानेवरून मूल सावध आहे यापलीकडे काही सिद्ध होत नाही. स, श, त, क अशी बारीक अक्षरे ज्याच्या कानी पोचतच नाहीत, तेही मूल थाळीला वळू शकते.

अंतःकर्णात गोगलगायीच्या शंखासारखी कॉक्लिया असते आणि तिला सुमारे अडीच वेढे असतात. 1791 साली इटलीतील बोलोन्या येथे कार्लो मोंदिनी या शरीररचनाशास्त्रज्ञाने एका आठ वर्षांच्या मृत बधिर मुलाच्या कानाचे विच्छेदन केले, तेव्हा त्याला दीडच वेढा आढळला. हे वेढे गर्भाच्या आठव्या आठवड्याच्या सुमारास, म्हणजे कित्येक मातांचे नाव दवाखान्याच्या दप्तरी चढण्यापूर्वीच, जवळजवळ पूर्ण झालेले असतात; म्हणून ग्रहणात भाजी चिरल्याचा ठपका सुनेच्या माथी मारणाऱ्यांनी तो मुकाट्याने मागे घ्यावा हे बरे. जन्मजात बधिरतेच्या साधारण पाचांपैकी एका मुलात अंतःकर्णाच्या रचनेतील विकृती सीटी स्कॅनमध्ये दिसते. बाकीच्यांचा दोष बहुधा पेशींच्या पातळीवर असतो आणि छायाचित्रात उमटत नाही.

या विकृतींपैकी एक आमच्या शाळांनी विशेष लक्षात ठेवावी अशी आहे. अंतःकर्णातील ‘वेस्टिब्युलर ॲक्विडक्ट’ नावाची हाडातील सूक्ष्म वाहिनी काही मुलांत जन्मतः रुंद असते. अशा मुलाला आरंभी बऱ्यापैकी ऐकू येते, म्हणूनच त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. पण डोक्याला बसलेल्या किरकोळ मारानेही त्याचे उरलेले श्रवण एकाएकी घसरू शकते. ‘लक्ष कुठे आहे’ म्हणून गुरुजींनी ज्याच्या कानशिलात लगावली, त्याचे लक्ष कदाचित पूर्णपणे गुरुजींच्या ओठांवरच होते!

दुसरी गोष्ट तंत्राची आहे. नवजाताच्या कानात बारीक नळी घालून काही मिनिटांत होणारी ओएई तपासणी सुटसुटीत खरी, पण ती कॉक्लियापुरतेच पाहते; ज्याची श्रवणनाडीच तयार झालेली नाही असे मूल तीत उत्तीर्ण होऊ शकते. तेथे बेरा, म्हणजे आवाजाला नाडी व मेंदू देत असलेला प्रतिसाद मोजणारी तपासणी, आणि एमआरआय लागतात. आणि नाडी नसेल तर कॉक्लियर इम्प्लांटचाही उपयोग नाही.

शासनाने तजवीज केलेली नाही असे म्हणता येणार नाही. फेब्रुवारी 2013 मध्ये पालघर येथे आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत जन्मजात बधिरता आहे. केंद्राच्या एडिप योजनेतून इम्प्लांट मिळते, मात्र जन्मतः बधिर मुलासाठी तेथे पाच वर्षांपर्यंतच्या वयाची अट आहे. पण गोंडपिपरीहून चंद्रपूर आणि पुढे नागपूर गाठताना ऐन तेंदूपत्त्याच्या हंगामात दोघांची मजुरी बुडते, आणि बेरासाठी मूल झोपलेले हवे म्हणून ज्याला रात्रभर जागविले, ते एसटीत गाढ झोपते आणि तपासणीच्या टेबलावर टक्क जागे होते. मग नवी तारीख. अशा दोन-तीन तारखांत मुदत सरते.

यावरचा उपाय घरापासूनच सुरू होऊ शकतो. घरोघरी जाऊन नवजात अर्भकाची काळजी घेण्याची पद्धत शेजारच्या गडचिरोलीतच डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने सिद्ध केली आणि पुढे ती देशाने स्वीकारली. आज आशाताई बाळाच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या महिन्यांत घरी जातातच. त्या भेटींत वजनाबरोबर कानाचीही पक्की नोंद व्हावी, प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ओएईचे यंत्र चालू स्थितीत असावे, आणि बेरा निदान जिल्ह्याच्या ठिकाणी, मूल झोपेपर्यंत थांबण्याची सोय ठेवून व्हावी, एवढी मागणी अवास्तव नाही. पुढल्या ग्रामसभेत कोणी हा विषय काढलाच, तर मुलाला तपासणीस नेणाऱ्याची त्या दिवसाची मजुरी कोण भरणार, हेही ठरावात लिहून घ्यावे.